हृदयक्षीणतेवरील व्हेगस तंत्रिका उद्दीपन

व्हेगस तंत्रिका उद्दीपन ही मानेतून जाणाऱ्या व्हेगस तंत्रिकेला सौम्य विद्युत्स्पंद देऊन हृदयावरील अतिरिक्त ताण कमी करू पाहणारी उपचारपद्धती होय. अपस्मार आणि औषधांना दाद न देणारे नैराश्य या विकारांवर ती मान्यताप्राप्त आहे. हृदयक्षीणतेवर, म्हणजे रुग्ण व डॉक्टर ज्याला सर्रास हार्ट फेल्युअर म्हणतात त्या विकारावर, तिचा उपयोग मात्र प्रामुख्याने संशोधनापुरता राहिला आहे. या संशोधनातील एक महत्त्वाचा अभ्यास भारतात दहा केंद्रांवर ६० रुग्णांवर झाला. ‘अँथेम-एचएफ’ या नावाने तो ओळखला जातो. त्याचे २०१४ मध्ये प्रकाशित झालेले निष्कर्ष आशादायक होते. परंतु मोठ्या नियंत्रित चाचण्यांमध्ये या उपचाराने मृत्यू किंवा विकाराची तीव्रता वाढण्याचे प्रसंग कमी होतात असे सिद्ध झाले नाही. जालना जिल्ह्यासारख्या भागात, जिथे हृदयक्षीणतेच्या रुग्णाला तज्ज्ञांकडे जाण्यासाठी अनेकदा जिल्ह्याबाहेर जावे लागते, तिथे या दोन गोष्टींतील फरक समजून घेणे विशेष महत्त्वाचे ठरते.

== संज्ञा ==

मराठी बोलीत ‘हार्टफेल झाले’ याचा अर्थ माणूस अचानक दगावला असा होतो. त्यामुळे ‘तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे’ हे डॉक्टरांचे वाक्य ऐकून रुग्ण व नातेवाईक हबकून जातात. वैद्यकातील अर्थ वेगळा आहे. हृदय बंद पडलेले नसते. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची क्षमता घटलेली असते, किंवा ते काम करण्यासाठी त्याला आत जास्त दाब सोसावा लागत असतो. चालताना दम लागणे, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, पायांवर सूज येणे आणि सतत थकवा ही त्याची नेहमीची लक्षणे होत. हृदयविकाराचा झटका हा आणखी निराळा प्रकार आहे. त्यात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी एकाएकी बंद होते. अशा झटक्यात हृदयाचा काही स्नायू निकामी झाला तर पुढे हृदयक्षीणता उद्भवू शकते, एवढाच या दोहोंतील संबंध. प्रस्तुत लेखात गोंधळ टाळण्यासाठी ‘हृदयक्षीणता’ हा शब्द वापरला आहे.

व्हेगस ही मेंदूपासून निघणाऱ्या बारा तंत्रिकाजोड्यांपैकी दहावी होय. मराठी परिभाषेत तिला प्राणेशा तंत्रिका असेही म्हणतात. लॅटिन भाषेत ‘व्हेगस’ म्हणजे भटका. मानेतून उतरून ही तंत्रिका स्वरयंत्र, फुप्फुसे, हृदय, जठर व आतड्यांपर्यंत फिरत जाते, म्हणून हे नाव पडले. तिचे हे भटकेपण पुढे उपचारातील अडचणींचेही एक कारण ठरले.

== शरीरक्रियाविज्ञान ==

हृदयाच्या ठोक्यांवर स्वायत्त तंत्रिका तंत्राच्या दोन शाखांचे नियंत्रण असते. अनुकंपी शाखा ठोके वाढवते व आकुंचनाचा जोर वाढवते. परानुकंपी शाखा, जिचा हृदयाकडे जाणारा मुख्य मार्ग व्हेगस तंत्रिका हा आहे, ठोके मंदावते. बैलगाडीच्या उपमेने सांगायचे तर पहिली पराणी आहे आणि दुसरी कासरा. निरोगी शरीरात गरजेनुसार दोन्हींचा वापर होतो.

हृदय क्षीण झाले की रक्तदाब टिकवण्यासाठी शरीर अनुकंपी शाखेचा जोर वाढवते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी राखून ठेवू लागतात. रक्तस्राव झालेल्या माणसाचा जीव याच प्रतिक्रियेमुळे वाचतो. हृदयक्षीणतेत मात्र ती महिनोन्‌महिने चालू राहते, म्हणजे दमलेल्या बैलाला सतत पराणी टोचली जाते. हृदयाचा स्नायू अधिक प्राणवायू मागतो, पेशींची हानी होते, पोकळी पसरत जाते आणि प्राणघातक अनियमित ठोक्यांचा धोका वाढतो. त्याच वेळी कासऱ्यावरची पकड, म्हणजे व्हेगस तंत्रिकेचा प्रभाव, सैल पडलेली असते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,२८४ रुग्णांच्या ‘अत्रामी’ या अभ्यासात (१९९८) परानुकंपी नियंत्रण क्षीण असलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असल्याचे दिसले.

पराणी काढून घेणे उपयोगी पडते याचा पुरावा बीटा-ब्लॉकर औषधांनी दिला. ही औषधे हृदयाचा जोर कमी करतात म्हणून एकेकाळी हृदयक्षीणतेत ती वर्ज्य मानली जात. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील डॉक्टरांनी १९७५ मध्ये ती अशा रुग्णांना देऊन पाहिली, आणि पुढील पंचवीस वर्षांत मोठ्या चाचण्यांनी ती आयुष्य वाढवतात हे सिद्ध केले. मग कासरा आवळूनही लाभ होईल काय, हा प्रश्न स्वाभाविक होता.

== पूर्वेतिहास ==

व्हेगस तंत्रिकेला विजेने उद्दीपित केल्यास हृदय मंदावते, हे अर्न्स्ट व एडुआर्ड वेबर या जर्मन बंधूंनी १८४५ मध्ये दाखवले. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांची दोन हृदये घेतली. एका हृदयाची व्हेगस तंत्रिका उद्दीपित करून त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला असता दुसरेही मंदावले. तंत्रिका आपला संदेश रसायनाद्वारे पोहोचवते, हे या साध्या प्रयोगाने स्पष्ट झाले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. या विषयावरील कार्यासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चा नोबेल पुरस्कार मिळाला. हृदयक्षीणतेवर दोन शतकांहून अधिक काळ वापरात असलेल्या डिजिटॅलिस वनस्पतीपासून मिळणारे डिगॉक्सिन हे औषधही काही अंशी व्हेगस तंत्रिकेचा प्रभाव वाढवूनच काम करते. म्हणजे कासरा आवळण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही.

उपकरणाद्वारे उद्दीपनाला चालना मिळाली ती जपानमधील उंदरांवरील प्रयोगाने. हृदयविकाराचा झटका घडवून हृदय क्षीण केलेल्या उंदरांना सहा आठवडे उद्दीपन दिले गेले. उद्दीपन न मिळालेल्या गटातील निम्मे उंदीर १४० दिवसांत मेले. उद्दीपन मिळालेल्या गटात हे प्रमाण १४ टक्के होते. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रकाशित झाले. इटलीत पीटर श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आठ रुग्णांवरील पहिला अनुभव मांडला. त्यानंतर २०११ मध्ये ३२ रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांत हृदयाचा निष्कासन अंश २२ वरून २९ टक्क्यांवर गेल्याची नोंद झाली. निष्कासन अंश म्हणजे डाव्या निलयात भरलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकला जाणारा हिस्सा. इको तपासणीच्या अहवालात ‘ईएफ’ म्हणून लिहिलेला असतो तो हाच आकडा, आणि निरोगी माणसात तो साधारणपणे ५५ टक्क्यांच्या वर असतो.

== उपकरण व शस्त्रक्रिया ==

गळपट्टीच्या हाडाखाली, छातीच्या कातडीमागे, बॅटरीवर चालणारा एक चपटा स्पंदजनक बसवला जातो. त्यातून निघालेली तार कातडीखालून मानेपर्यंत नेतात आणि तिच्या टोकाचे वलय व्हेगस तंत्रिकेभोवती गुंडाळतात. दिसायला हे पेसमेकरसारखे असले तरी पेसमेकरची तार हृदयात जाते आणि ठोका निर्माण करते. या उपकरणाची तार हृदयाला स्पर्श करीत नाही.

शस्त्रक्रियेनंतर विद्युत्प्रवाह एकदम पूर्ण ताकदीने सुरू करता येत नाही. व्हेगस तंत्रिकेचीच एक शाखा स्वरयंत्राकडे जात असल्याने प्रवाह वाढला की आवाज घोगरा होतो, खोकला येतो, घसा दुखतो. म्हणून रुग्णाला पुनःपुन्हा बोलावून, त्याला सोसेल तितका प्रवाह थोडाथोडा वाढवावा लागतो. मानेतील व्हेगस तंत्रिकेचे सुमारे ८० टक्के तंतू अवयवांकडून मेंदूकडे संदेश नेणारे असतात आणि हृदयाकडे जाणारे तंतू थोडे असतात, त्यामुळे नेमका योग्य प्रवाह ठरवणे आणखी अवघड होते. प्रवाह फार कमी असेल तर हृदयापर्यंत काहीच पोहोचत नाही. फार वाढवला तर मेंदूमार्गे उलट प्रतिक्रिया उमटू शकते.

== भारतातील अभ्यास: अँथेम-एचएफ ==

या अभ्यासाच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ राजेंद्रकुमार प्रेमचंद होते. सहलेखकांत गोव्यातील हृदयरोगतज्ज्ञ रुफिनो मोंतेरो आणि अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे इंदर आनंद यांचा समावेश होता. उपकरण सायबरॉनिक्स या अमेरिकी कंपनीचे होते. अपस्मारावरील व्हेगस उद्दीपनाचे उपकरणही याच कंपनीचे असून त्यास अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली होती.

निष्कासन अंश ४० टक्के किंवा त्याहून कमी असलेले, औषधे नियमित चालू असलेले आणि तरीही श्रमाने दम लागणारे ६० रुग्ण यात घेण्यात आले. निम्म्यांना उजव्या आणि निम्म्यांना डाव्या बाजूच्या तंत्रिकेवर उपकरण बसवले. कोणत्या रुग्णाला कोणती बाजू मिळणार हे यदृच्छेने ठरवले गेले. दहा आठवड्यांत प्रवाह हळूहळू वाढवत सरासरी २ मिलिअँपिअरपर्यंत नेण्यात आला. सेकंदाला दहा स्पंद असे १४ सेकंद उद्दीपन आणि मग ६६ सेकंद विश्रांती, असे चक्र अहोरात्र चालू राही. हृदयाचा वेग न घटवता व न वाढवता तंत्रिकेवर परिणाम साधणारा समतोल बिंदू शोधावा, अशी यामागील धारणा होती.

सहा महिन्यांनंतर निष्कासन अंशात सरासरी ४.५ टक्क्यांची भर पडली. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत रुग्ण सरासरी ५६ मीटर अधिक चालले. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनच्या श्रेणीनुसार ७७ टक्के रुग्णांची स्थिती सुधारली. डाव्या निलयात आकुंचनानंतर उरणारे रक्त सरासरी ४.१ मिलिलिटरने घटले, पण हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. निष्कासन अंश व हृदयाचे आकारमान यांबाबत उजव्या व डाव्या बाजूंच्या परिणामांत लक्षणीय तफावत आढळली नाही, चालण्याच्या अंतरातील सुधारणा मात्र उजव्या बाजूच्या गटात अधिक होती. एका रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर तीन दिवसांनी मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून मृत्यू झाला. पुढे काही रुग्णांचा मागोवा ४२ महिन्यांपर्यंत घेण्यात आला आणि सुधारणा टिकून असल्याचे संशोधकांनी नोंदवले.

हे आकडे वाचताना एक गोष्ट सुटून जाते. यदृच्छ विभागणी फक्त डाव्या-उजव्या बाजूंसाठी होती. उपकरण न मिळालेला किंवा बसवूनही बंद ठेवलेला असा तुलनेचा गट नव्हता. अभ्यासात सामील झालेल्या रुग्णाची तपासणी अधिक वेळा होते, औषधे चुकत नाहीत, मोठी शस्त्रक्रिया झाल्याने मनाला उभारी येते, आणि चालण्याची चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस ती अधिक चांगली देतो. या सर्वांचा वाटा किती आणि विजेचा किती, हे तुलनेच्या गटाविना वेगळे काढता येत नाही. अभ्यासाचा मूळ हेतूही उपचार सुरक्षित व करण्याजोगा आहे का हे पाहण्याचा होता. तेवढ्यापुरता तो यशस्वी झाला. वृत्तपत्रीय भाषेत ‘हृदयावर नवा इलाज’ असे त्याचे रूपांतर करणे हे संशोधकांच्या दाव्याच्या बरेच पुढे जाणे होते.

== नियंत्रित चाचण्या ==

युरोपातील ‘नेक्टार-एचएफ’ या चाचणीत ९६ रुग्णांना उपकरण बसवून काहींचे सहा महिने बंद ठेवण्यात आले. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयाच्या आकारमानात दोन्ही गटांत फरक पडला नाही. ज्यांचे उपकरण चालू होते त्यांना आपले जीवन सुधारल्याचे वाटले खरे, परंतु आपले उपकरण चालू आहे हे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ओळखले होते. घशातील संवेदनेवरून असे ओळखता येणे साहजिक आहे. साखरेची गोळी देऊन औषधाची जशी तुलना करता येते तशी या उपचारात करणे म्हणूनच कठीण जाते.

सर्वांत मोठी पूर्ण चाचणी म्हणजे ‘इनोव्हेट-एचएफ’. तिच्यात ८५ केंद्रांतील ७०७ रुग्ण होते. त्यांपैकी ४३६ जणांना उपकरण बसवले आणि २७१ जणांना केवळ औषधे दिली. कोणत्याही कारणाने मृत्यू किंवा हृदयक्षीणता बळावण्याचा प्रसंग, हा निकष धरला असता उपकरण गटात हे प्रमाण ३०.३ टक्के तर औषध गटात २५.८ टक्के भरले. फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता, तरी त्याची दिशा उपकरणाच्या बाजूची नव्हती. लाभ दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून चाचणी थांबवण्यात आली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रकाशित झाले. याच चाचणीत चालण्याचे अंतर, दैनंदिन श्रमाची क्षमता आणि जीवनमानाची प्रश्नावली यांत मात्र उपकरण गट सरस ठरला. रुग्णाला बरे वाटणे आणि रुग्ण अधिक जगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणाऱ्या चाचण्या थोड्या आहेत.

अपयशाचे स्पष्टीकरण देताना अनेक संशोधकांनी प्रवाहाच्या मात्रेकडे बोट दाखवले. तिन्ही अभ्यासांतील उपकरणे, स्पंदांचा वेग व प्रवाह भिन्न होते आणि ‘अँथेम’ची पद्धत अधिक योग्य असावी, असे त्यांचे म्हणणे होते. ते तपासण्यासाठी २०१८ मध्ये त्याच पद्धतीची मोठी यदृच्छ चाचणी सुरू झाली. सायबरॉनिक्सचे सोरिन समूहाशी विलीनीकरण होऊन बनलेल्या लिव्हानोव्हा कंपनीने ती हाती घेतली होती. अंतरिम विश्लेषणानंतर तीही मुदतीआधी थांबवण्यात आली आणि कंपनीने हृदयक्षीणतेचा आपला कार्यक्रम आवरता घेतला.

सिद्धान्त पटण्याजोगा असूनही उपचार फसल्याचे हे पहिले उदाहरण नव्हे. अनुकंपी शाखेचा जोर मेंदूतूनच कमी करणाऱ्या मोक्सोनिडीन या औषधाची चाचणी १९९९ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत ५४ आणि न घेणाऱ्यांत ३२ मृत्यू झाले होते. हृदयक्षीणतेत पराणी पूर्ण काढून घेणेही घातक ठरू शकते.

== सद्यःस्थिती ==

युरोपात या उपकरणाला २०१५ मध्ये विक्रीसाठी आवश्यक असलेली सीई खूण मिळाली होती. ही खूण प्रामुख्याने सुरक्षितता व अपेक्षित कार्य यांबाबत असते. त्यामुळे आयुष्य वाढते असा तिचा अर्थ होत नाही. अमेरिकेत हृदयक्षीणतेसाठी व्हेगस उद्दीपनाला मान्यता मिळालेली नाही, आणि तेथील हृदयरोग संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही त्याला नियमित उपचाराचे स्थान नाही.

मानेतील धमनीजवळच्या दाबसंवेदकांना उद्दीपित करणारे बॅरोस्टिम हे उपकरण वेगळे आहे. त्यास अमेरिकेत ऑगस्ट २०१९ मध्ये लक्षणे कमी करण्यासाठी मान्यता मिळाली. पुढे त्याच्या दीर्घकालीन निष्कर्षांतही मृत्यू व रुग्णालयातील भरती यांत लक्षणीय घट दिसली नाही.

== जालना जिल्हा व मराठवाड्याच्या संदर्भात ==

भारतात हृदयक्षीणता पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात गाठते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ मध्ये झालेल्या नोंदणीत १,२०५ रुग्णांचे सरासरी वय सुमारे ६१ होते आणि वर्षभरात त्यांच्यापैकी ३०.८ टक्के दगावले. ज्यांचे हृदय आकुंचनात कमकुवत होते अशांपैकी केवळ चौथ्या हिश्श्याला घरी जाताना मार्गदर्शक सूचनांनुसार योग्य औषधे मिळाली होती. आरोग्यसेवेत पुढारलेल्या केरळातील हे चित्र आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे आठ तालुके आहेत. गंभीर रुग्णाला साठेक किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर येथे हलवण्याची रीत जुनी आहे. जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. दहा आठवडे पुनःपुन्हा प्रवाह जुळवून घ्यावा लागणारे, पुढे बॅटरी बदलण्याची गरज भासणारे उपकरण मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या शेतकरी कुटुंबाला किती पेलवेल, हा प्रश्न ते परिणामकारक ठरले असते तरीही उरलाच असता.

ज्यांचा लाभ मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाला आहे असे उपचार गोळ्यांच्या रूपात उपलब्ध आहेत. निष्कासन अंश घटलेल्या रुग्णांसाठी चार गट मुख्य मानले जातात. बीटा-ब्लॉकर, एसीई-रोधक किंवा त्यांच्या जागी सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे आणि मूळची मधुमेहावरील डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे. यांतील अनेक औषधांचे जेनेरिक प्रकार मिळतात. सूज उतरली, दम लागायचा थांबला की गोळ्या बंद करणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. लक्षणे ओसरली तरी अनुकंपी शाखेचा छुपा जोर कायम असतो, आणि औषध अचानक सोडल्यास आजार उलटू शकतो. बीटा-ब्लॉकर तर डॉक्टरांच्या सांगण्याविना एकाएकी कधीच थांबवू नयेत. घरी रोज सकाळी वजन करणे हाही उपयुक्त उपाय आहे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर ते बहुधा साचलेले पाणी असते, आणि दम लागण्याआधीच दवाखाना गाठता येतो. जेवणातील वरून घेतलेले मीठ, लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या यांवर मर्यादा ठेवण्याचा सल्ला याच कारणाने दिला जातो.